खाटेपाशी ऐकलेली चार नाटकं

पिंपरीत औषधाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. क्वार्टर इतकं नवं होतं की भिंतीला टेकलं की पाठीला चुना लागायचा. बाहेर सगळा मुरूम. झाड म्हणावं असं काही नव्हतंच, वारा सुटला की घरातल्या भांड्यांवर लाल धूळ बसायची. ह्यांना टाक्यांच्या विभागात काम मिळालं होतं. आठवड्याला पाळी बदलायची, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात हे दिवसभर आतल्या खोलीत डोक्यावर उशी घेऊन झोपलेले असायचे. अंगाला टाक्यांचा आंबूस वास यायचा, तो आंघोळ करूनही जात नसे.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग आत्याबाई आल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. साताऱ्याकडे गावी गोठ्यात काम करताना त्या पडल्या, आणि उजवं अंग गेलं ते गेलंच. थोरले दीर त्यांना मालट्रकमधून घेऊन आले. खाटेवर ठेवलं, चहा घेतला, "थोडे दिवस राहू दे, हवापालट होईल," म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. त्यानंतर ते फिरकले नाहीत.

अंगाबरोबर आत्याबाईंची वाचाही गेली होती. एकच शब्द राहिला होता, "नको." भूक लागली तरी नको, पाणी हवं असलं तरी नको, कूस बदलायची असली, डास चावला, मी पदराने वारा घालायला लागले, तरी नको. आधी मी गोंधळून जायची. हळूहळू कुठला नको कशाचा ते आवाजावरून ओळखता यायला लागलं. हीच बाई एके काळी अख्खं घर जिभेच्या पट्ट्यावर चालवायची. माझ्या हातची भाकरी उचलून दारातल्या कुत्र्याला दाखवायची आणि म्हणायची, "हा तरी खातोय का बघू." आता मीच तिला भाकरी दुधात कुस्करून भरवत होते. सूड वगैरे काही वाटला नाही. त्यालाही अंगात जोर लागतो.

मला तेव्हा मूलबाळ नव्हतं, तरी आमच्या दोरीवर रोज फडकी वाळत असायची. लग्नाआधी मी मॅट्रिक होऊन वाईला मुलींच्या शाळेत शिकवत होते हे माझं मलाच खरं वाटत नसे. पहाटे नळाचं पाणी भरायचं, आत्याबाईंचं करायचं, ह्यांचा डबा, मग पुन्हा आत्याबाईंचं. दुपारी बसल्या जागी डोळे मिटायचे आणि "नको" ऐकू आलं की उघडायचे.

त्या फडक्यांमुळेच मॅडमची ओळख झाली.

वसाहतीच्या टोकाला परदेशी तज्ज्ञांचे बंगले होते. यंत्रं बसवायला आलेल्या एका साहेबांची ही बायको. उंच, हाडकुळी, पन्नाशीची असावी, डोक्यावर कापडी टोपी घालून भर उन्हात चालायला निघायची. युरोपातल्या कुठल्याशा समुद्राकाठच्या गावची होती, तिचा देश मला तेव्हा नकाशावर दाखवता आला नसता. एकदा ती आमच्या दोरीपाशी थांबली आणि तोडक्या इंग्रजीत विचारलं, "बाळ?"

मी म्हटलं, "नाही. आई."

ती पायऱ्या चढून आत आली. बूट दाराशी काढले. आत्याबाईंच्या खाटेपाशी वाकली, त्यांना अलगद कुशीवर केलं आणि पाठ बघितली. पाठीवर मोठी जखम झाली होती, ती मला माहीत होती, पण तिचं काय करायचं ते माहीत नव्हतं. मॅडम युद्धाच्या काळात इस्पितळात परिचारिका होती. दुसऱ्या दिवशी ती औषधाची डबी आणि दोन छोट्या उशा घेऊन आली. एकटीने एवढ्या जड बाईला कसं वळवायचं, टाचेखाली उशी कुठे ठेवायची, निकामी हाताची बोटं रोज कशी उघडमीट करायची, सगळं तिने मला करून दाखवलं. बरेच दिवस ती रोज येत राहिली. जखम भरत आली.

मग एक दिवस तिने विचारलं, "दुपारी तुला वेळ असतो का?"

मला हसूच आलं. पण तिचा चेहरा बघून मी हसले नाही.

तिच्याकडे ग्रामोफोन होता आणि एक लाकडी पेटी भरून तबकड्या होत्या. त्या तबकड्यांत चार नाटकं होती. तिच्याकडे त्याला ऑपेरा म्हणतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे गाऊनच बोलतात. एकेक नाटक पूर्ण संध्याकाळभर चालतं, आणि चारही मिळून एकच गोष्ट होते. तिच्या गावच्या नाट्यगृहात ही नाटकं व्हायची तेव्हा ती मागच्या रांगेत उभी राहून गायची. गोष्टीत समुद्र होता, आणि समुद्राच्या लाटा म्हणून पुष्कळ बायका एकत्र गायच्या. "मी एक लाट होते," ती म्हणाली. युद्धात ते नाट्यगृह जळालं. तबकड्यांचा पूर्ण संच तिच्याकडे नव्हता, इकडून तिकडून गोळा केलेले तुकडे होते, त्यातल्याही काही बोटीवर फुटल्या होत्या.

"साहेबांना या उन्हात सहन होत नाही," ती म्हणाली. "आणि मी एकटी ऐकायला बसले की ऐकत नाही, नुसती आठवत बसते. कोणीतरी पहिल्यांदा ऐकणारं माणूस शेजारी पाहिजे."

आत्याबाईंच्या पाठीची जखम जिने भरून आणली तिला नाही कसं म्हणणार? पण खरं सांगायचं तर चार नाटकं हे ऐकूनच माझ्या अंगातलं त्राण गेलं. कोणी चार पोती गहू निवडायला सांगितल्यासारखं वाटलं.

दूध घालायला पिंपरी गावातून एक मावशी यायच्या. त्यांना आत्याबाईंपाशी बसवून मी बंगल्यावर गेले. तिथे पंखा होता, मऊ खुर्ची होती, पडदे ओढलेले होते. मॅडमने सुई टेकवली. खरखर झाली, मग खूप खालून, जमिनीतून यावा तसा आवाज यायला लागला. एवढंच मला आठवतं. जाग आली तेव्हा ऊन पडद्याच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं.

"छान झोपलीस," मॅडम म्हणाली. "राजाला जमीन मिळाली."

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. मी ठरवून ताठ बसले होते, खुर्चीच्या कडेवर. तरी झोपले. आणि त्या दिवशी घरी आले तर आत्याबाई जमिनीवर. मावशी म्हैस बांधायला म्हणून घटकाभर गेल्या होत्या, तेवढ्यात त्या खाटेवरून घसरल्या. कोपर सोललं होतं, ओठ फुटला होता. तशाच पडून त्या छताकडे बघत होत्या आणि नको म्हणायचंही सोडून दिलं होतं. मावशी दारात उभ्या राहून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "आगं आत्ताच तर गेले व्हते गं पोरी, आत्ताच."

संध्याकाळी सगळं ऐकून हे म्हणाले, "आता ते थेर बस झाले."

मी मॅडमला तसं सांगून आले. थेर या शब्दाचं इंग्रजी मला आलं नाही, ते सोडून बाकी सगळं सांगितलं. मनातून मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर चाकांचा खडखडाट ऐकू आला. बंगल्यावरचा माळी हातगाडी ढकलत येत होता. गाडीवर ग्रामोफोन, तबकड्यांची पेटी, आणि मागून टोपी सावरत मॅडम.

पहिल्या दिवशी वसाहतीतल्या बायका दारात गोळा झाल्या. फोनोवर नाटकातली पदं लागणार असं त्यांना वाटलं होतं. एका बाईचा उंच, लांब आवाज सुरू झाला आणि थांबेचना. दूधवाल्या मावशी तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "हिचं कोन मेलं म्हनायचं?"

मी मॅडमला ते सांगितलं. ती गंभीरपणे म्हणाली, "अजून कोणी नाही. दुसऱ्या नाटकात मरतात."

दोन-तीन दिवसांत बायका यायच्या थांबल्या. मग आम्ही तिघीच उरलो. आत्याबाई खाटेवर, मॅडम स्टुलावर, मी खाली भिंतीला टेकून. मॅडम तबकडी बदलायची आणि मी किल्ली द्यायची. तबकडीची एक बाजू म्हणजे चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ. ती संपली की उलटायची, उलटलेली संपली की दुसरी. आत हे झोपलेले असले तर ग्रामोफोनच्या तोंडात मी आत्याबाईंचं जुनं लुगडं कोंबायची. गोष्टीतल्या राजाची सगळी प्रतिज्ञा मी त्या लुगड्यातून गाळून ऐकली.

गोष्ट तशी सोपी होती. एका राजाकडे राज्य नव्हतं. त्याने समुद्राकडे जमीन मागितली आणि वचन दिलं की माझे केस पांढरे झाले की जमीन परत देईन. समुद्र मागे सरला, बेट वर आलं. पहिलं नाटक एवढंच. दुसऱ्यात केस पांढरे होतात तेव्हा राजा ते मुकुटाखाली लपवतो, त्याची मुलं राज्यासाठी भांडतात, आणि म्हातारा वचन न पाळताच मरतो.

अवघड होतं ते ऐकणं. माझ्या माहेरी सगळ्यांना संगीत नाटकांचं वेड होतं. पण आमच्या नाटकात पद येतं आणि संपतं, माणसं बोलतात, पुन्हा पद येतं. आवडलेली ओळ फिरून फिरून येते, आपण सम गाठतो, मान डोलते. इथे धरायला काही नव्हतं. वाटायचं की आता चाल सापडली, तोवर ती भलतीकडेच वळलेली असायची. कढईला कान नसावेत आणि ती भरून चुलीवरून उतरवावी लागावी, तसं व्हायचं मला. दमलेल्या माणसाला तर धरायला काहीतरी हवंच असतं.

हे मी एकदा मॅडमला बोलून दाखवलं. ती वैतागेल असं वाटलं होतं. पण तिने तबकडी पुन्हा लावली आणि म्हणाली, "गाणाऱ्यांना सोडून दे. ते आपापलं भांडत बसलेत. त्यांच्या खाली जे वाजतंय ना, तो समुद्र. तो थांबत नाही. तेवढाच ऐक."

मी ऐकलं. राजा गात होता आणि त्याच्या पायाखाली काहीतरी जड, संथ, पुढे-मागे होत होतं. एकदा ते कानाला लागलं आणि मग सुटलं नाही. मला संगीत कळायला लागलं असं मुळीच नाही. पण आता मी जागी राहत होते.

आत्याबाईंचं मात्र निराळं होतं. पहिल्या नाटकात कोणी वरच्या पट्टीत गेलं की त्या कपाळाला आठ्या घालून म्हणायच्या, "नको!" मॅडम ते फार मनावर घ्यायची. "बरोबर आहे," ती म्हणायची, "या माणसाचा आवाज घशातून येतो, आमच्याकडेही लोक हेच म्हणायचे." मग एक दिवस चूल बघायला उठायचं म्हणून मी मध्येच सुई उचलली. आत्याबाईंनी डावा हात खाटेच्या माच्यावर आपटला. "नको! नको!" मी सुई परत टेकवली. त्या गप्प झाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या. भात करपला.

वैशाख आला तसं मला हे सगळं झेपेनासं झालं. नळाला पाणी येईना. पवना नदीवरून हंडे आणायचे, त्यातलं अर्धं पाणी फडकी धुण्यातच जायचं. ह्यांची रात्रपाळी लांबली होती, कारण जोडीचा माणूस आजारी होता. आणि दुसऱ्या नाटकात ते भाऊ एकमेकांवर तुटून पडले होते, एकाच वेळी चौघं ओरडत होते. लुगड्याने काय होणार? आतलं दार आपटून हे बंडीवर बाहेर आले. डोळे लाल.

"अहो, माणसाला झोपू द्याल की नाही? रात्रभर त्या टाक्यांपाशी उभा असतो मी!"

मी उठले. मॅडमही उठली. मराठीतला एकच शब्द तिला येत होता. ती हात जोडून म्हणाली, "नको. नको."

हे आत गेले आणि दार लावून घेतलं. पण राग उतरला नव्हता. संध्याकाळी डबा घेताना म्हणाले, "आपलं काय चाललंय आणि तुम्ही बायका काय ऐकताय."

ते म्हणत होते ते मलाही खोटं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडम आली तेव्हा मी दारातच सांगितलं, "मला होत नाही आता. किल्ली द्यायचीसुद्धा ताकद नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. हातगाडी परत पाठवली. मग आत जाऊन पाणी गरम केलं आणि आत्याबाईंचे केस धुतले. पुसले, विंचरले, वेणी घातली, तिला येत होती तशी, डोक्याभोवती गुंडाळलेली. मी उंबऱ्यावर बसून होते. समोर मुरूम, त्यापलीकडे मुंबईचा रस्ता, त्यावरून मालट्रक जात होते. मी एकही काम करत नव्हते. किती महिन्यांनी असं बसले होते कोण जाणे. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचाही कंटाळा आला होता.

पंधरा-वीस दिवस तबकड्या वाजल्या नाहीत. मग आत्याबाईच अस्वस्थ व्हायला लागल्या. दुपार झाली की दाराकडे बघायच्या, आणि मॅडम रिकाम्या हाताने आलेली दिसली की नको म्हणून भिंतीकडे तोंड फिरवायच्या. शेवटी मीच म्हटलं, "आणा ती पेटी."

तिसरं नाटक सुरू झालं. राजा मेलेला, समुद्र आपली जमीन परत मागायला निघालेला. बेटाभोवती एक बांध असतो आणि लाटा त्याला धडका देत असतात. राजाला एक मुलगी आहे. तिचं आजवर फारसं कोणी ऐकलेलं नाही. ती एकटी बांधावर उभी राहते. जिथे माती सुटेल तिथे माती लावते, दगड लावते, रात्र होते, सकाळ होते, ती तिथेच. मग तिचं एक गाणं आहे. कितीतरी तबकड्या ते चालतं. त्यात ती रडत नाही, देवाला हाका मारत नाही, मदत मागत नाही. मॅडम थांबत थांबत अर्थ सांगत होती. "ती म्हणते, माझे हात मातीचे झाले. ती म्हणते, आता बांध कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते ते मला कळत नाही. ती म्हणते, मला समुद्राचा राग नाही. तो फक्त आपलं मागतो. मला फक्त बसायचं आहे."

मी भिंतीला टेकून बसले होते. त्या बाईचा आवाज वर चढतच नव्हता. इतरांसारखं तिला कोणाला काही पटवायचंच नव्हतं. आणि खालचा तो समुद्र तिच्या आवाजाच्या इतका जवळ आला होता की दोन्ही वेगळे करता येईनात. कोणीतरी मला बघितलं होतं, दूरच्या देशातल्या कोणीतरी, माझ्या जन्माच्याही आधी.

हे केव्हा उठून दारात आले ते आम्हाला कळलं नाही. हातात तांब्या होता. तबकडी संपली तेव्हा त्यांनी मॅडमला इंग्रजीत विचारलं, "आणि तिचे भाऊ? ते कुठे आहेत?"

"घरात," मॅडम म्हणाली. "जेवून झोपलेत."

ती सरळ गोष्टीतलं उत्तर देत होती. तिच्या मनात दुसरं काही नसावं, निदान मला तरी तसंच वाटतं. ह्यांनी खाटेकडे बघितलं. मग तांब्या घेऊन मोरीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पाळीवरून आले, तोंड धुतलं आणि बाहेरचं दार लावून कडी घातली. म्हणाले, "आईचं आज मी करतो. तू चहा घे."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी बाह्या वर सारल्या होत्या. पुरुषाने बाईचं असलं करायचं, तेही मुलाने आईचं, हे आमच्या घराण्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. आत्याबाईंनी तर आकांत केला. नको नको करत डाव्या हाताने ह्यांना ढकलत होत्या, तोंड लपवत होत्या. ह्यांनी मान दुसरीकडे फिरवली आणि फडकं पिळता पिळता त्यांना टाक्यांविषयी सांगायला लागले. टाकीत काय घालतात, ते कसं फसफसतं, थोडं जरी गरम झालं तर सगळा घाणा कसा फुकट जातो. हात चुकत होते, पाणी गादीवर सांडलं. मी स्वयंपाकघरात चहाची बशी धरून उभी होते आणि चहा गार होत होता.

रोज काही त्यांनी केलं नाही. कधी दमून तसेच झोपायचे, कधी कुरकुर करायचे, आणि शेजारी कळू नये म्हणून दाराला कडी घालणं काही सुटलं नाही. पण आठवड्यातून चार सकाळी तरी मला मोकळ्या मिळू लागल्या. आत्याबाईही सरावल्या. एकदा रजा काढून हे गावी गेले, थोरल्या भावाशी बोलायला. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. येताना ज्वारीची गोणी घेऊन आले, भाऊ काही आला नाही.

पावसाळा सरता सरता मॅडमने सांगितलं की यंत्रं बसवून झाली, साहेबांचं काम संपलं, दिवाळीआधी त्यांना निघायचं आहे. चौथं नाटक राहिलं होतं. त्याच्याच तबकड्या सगळ्यांत कमी होत्या. अर्ध्याहून अधिक भाग गायब. मधला मधला भाग मॅडम सांगायची, सांगता सांगता कुठे गुणगुणायची.

त्या नाटकात ती बांधावरची बाई म्हातारी झाली आहे. भावांची नातवंडं बेटावर नांदतायत आणि बांध कोणी सांभाळतं हे त्यांना माहीतही नाही. ती एक दिवस सगळ्यांना होड्यांमध्ये बसवते आणि बांध स्वतःच्या हाताने फोडते. तिथे लाटांचं मोठं गाणं आहे. चारही नाटकांत त्याच गाण्यासाठी लोक येतात, मॅडम म्हणाली. आणि नेमकी ती तबकडी नव्हती.

ती स्टुलावरून उठली. खिडकीपाशी गेली, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाली, "मला फक्त माझी ओळ येते. ती मुख्य नाही. मुख्य ओळ पुढच्या रांगेतल्या गायच्या."

तिने गायला सुरुवात केली. आवाज मोठा नव्हता, थोडा चिरलेलाही होता. शब्द नव्हते. नुसता एक स्वर, जरा वर जाणारा, परत खाली येणारा, थांबणारा, कारण तिथे दुसऱ्या कोणीतरी गायचं असायचं. ती तेवढा वेळ गप्प उभी राहायची. ओठ किंचित हलायचे, दुसऱ्यांची जागा मोजत असावी. मग पुन्हा आपला तो स्वर. एकटा ऐकला तर त्यात चाल अशी काहीच नव्हती. आजूबाजूच्या सगळ्या बायका जळालेल्या नाट्यगृहाबरोबर कुठे गेल्या असतील ते मी विचारलं नव्हतं, आणि पुढेही विचारलं नाही. आत्याबाई डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होत्या. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती गात राहिली. संपलं तेव्हा संपलं हे आम्हाला कळलं नाही, तिनेच टोपी डोक्यावर ठेवली म्हणून कळलं.

मला तो ऑपेरा आवडला का, हे मला आजही सांगता येत नाही. पुढे शहरात राहायला गेल्यावर एकदोनदा तसलं संगीत कानावर पडलं, तर मी लगेच दुसऱ्या कामाला लागले. पण त्या दुपारी मी काहीही ऐकत राहिले असते.

जाण्याच्या आदल्या दिवशी मॅडम निरोप घ्यायला आली. तिने एक तबकडी मला द्यायला आणली होती. मी घेतली नाही, आमच्याकडे वाजवायला काय होतं? टाचेखालच्या उशा मात्र ठेवून घेतल्या. आत्याबाईंनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "नको." तो नको कोणालाही कळला असता. मॅडम खाली बसली आणि हात आपण होऊन सुटेपर्यंत तशीच बसून राहिली.

आत्याबाई त्या थंडीत गेल्या. न्यूमोनिया झाला. ह्यांच्या कारखान्यातलं औषध मिळालं, सुया टोचल्या, ताप एकदा उतरलाही, पण छातीत जोर उरला नव्हता. थोरले दीर आले, मोठ्याने रडले, दिवस झाल्यावर गेले. खाट उभी करून आम्ही भिंतीला लावली. खोली मोठी दिसायला लागली, आणि मला कामच सुचेना. दुपारी उगाच उठून दोरीकडे जायची.

एका रविवारी हे घरी होते. मी चहा केला. खाट होती तिथे जमिनीवरच दोघं बसलो. हे म्हणाले, "ते शेवटचं नाटक मी ऐकलंच नाही. तेव्हा माझी सकाळची पाळी चालू होती, मग ओव्हरटाइम. काय झालं त्यात?"

मी सांगितलं. होड्यांचं सांगितलं, बांध फोडल्याचं सांगितलं. मध्येच चुकले, नातवंडांच्या जागी भाऊच होडीत बसवले, मग परत मागे येऊन दुरुस्त केलं. ह्यांनी टोकलं नाही.

"आणि ती म्हातारी? ती बसली का होडीत?"

"नाही," मी म्हटलं. "फुटलेल्या बांधावर बसून राहिली. पाण्यात पाय सोडून."

"दमली असेल," हे म्हणाले, आणि बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला.